दुपारीं दोननंतरचें कॉलेज

(वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, येथील विद्यार्थी-सत्कार प्रसंगीं एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज ज्यांच्या खांद्यावर शाल पडणार आहे तीं अकरा मुलेंमुली एके काळीं आमच्यापुढें पाटी घेऊन बसलेलीं आहेत. कोणी 'ळ' उलटा काढीत असे, कोणी घरच्या कानडीच्या हेलांत मराठी वाचीत असे, आणि एकजण तर मधली सुट्टी झाली कीं थेट घरीं जाऊन झोंपत असे. तींच मुलें आज कॉलेजची परीक्षा ७५ टक्क्यांवर गुण मिळवून उतरलीं आहेत. मास्तरास यापेक्षां अधिक काय पाहिजे? सत्कार समितीनें आम्हांस दोन शब्द बोलण्यास सांगितलें आहे. दोन शब्दांत आटोपणारा मास्तर अजून जन्मावयाचा आहे हें समितीस ठाऊक असेलच. मात्र आज जें बोलणार आहोंत तें सर्वांस गोड लागेल असें नाहीं, म्हणून आधींच माफी मागून ठेवतों.

पंधरा दिवसांपूर्वीं आम्ही दळण घेऊन गिरणींत गेलों असतां एका शेतकरी गृहस्थांनीं आम्हांस अडविलें. त्यांचा मुलगा सोलापुरास बी. ए. च्या तिसऱ्या वर्षांत आहे. ते म्हणाले, "गुर्जी, पोरगं म्हणतंय चौथं वर्ष करायचंय, आनर्स मिळतंय. तीन वर्षांत डिग्री हातांत येती, मग चौथ्याचा खर्च कशाला? आनर्स म्हणजे काय असतंय? पगार वाढतो का?" आम्ही म्हटलें, "अप्पा, ऑनर्स म्हणजे मान." ते लगेच म्हणाले, "मान घेऊन काय करूं गुर्जी? खर्चानं मान मोडायची पाळी आलीया." गिरणींतले सगळे हंसले, आम्हीहि हंसलों. पण डबा डोक्यावर घेऊन घरीं येईपर्यंत तो प्रश्न कांहीं डोक्यांतून उतरला नाहीं. मान म्हणजे काय, आणि तो कशाबद्दल द्यावयाचा, हें आमचें तरी कोठें ठरलें आहे?

नियमाचा भाग थोडक्यांत सांगतों. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें तीन वर्षें पुरीं केलीं कीं पदवी मिळते, आणि चौथें वर्ष केलें कीं ऑनर्स. ज्यांस पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण आहेत त्यांस चौथ्या वर्षीं संशोधन करून 'संशोधनासह ऑनर्स' घेतां येतें. या नव्या अभ्यासक्रमांत पुस्तकाबाहेरच्या कामासहि जागा ठेविली आहे. गांवांत जाऊन पाहणी करणें, समाजाच्या उपयोगाचें काम करणें, धंद्याच्या ठिकाणीं उमेदवारी करणें, राष्ट्रीय सेवा योजना, एन. सी. सी., खेळ, नाटक, गाणें, या सर्वांचें क्रेडिट धरतात. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल आजवर घरीं "उंडगेपणा करतोस" म्हणून शिव्या बसत, ती आतां गुणपत्रिकेवर आली आहे.

परमुलखांतहि हा प्रकार आहे. अमेरिकेंत कम्युनिटी कॉलेज या नांवाचीं दोन वर्षांचीं कॉलेजें असतात. त्यांतलें पहिलें सरकारी कॉलेज इलिनॉय प्रांतांत जॉलिएट येथें १९०१ सालीं निघालें. ज्यांस मोठ्या विद्यापीठाची फी झेंपत नाहीं, जे दिवसा नोकरी करतात, ज्यांचा घर सोडून पाय निघत नाहीं, अशांसाठीं तीं आहेत. थोडक्यांत, आमच्यासारख्यांसाठीं. अशा साध्या कॉलेजांतहि पुष्कळ ठिकाणीं हुषार मुलांकरितां ऑनर्सचा वेगळा अभ्यास असतो. आणि १९१८ पासून त्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांचें फाय थीटा कॅप्पा नांवाचें एक मानाचें मंडळ चालत आलें आहे. त्यांत गुण पाहून घेतात खरें, पण विद्वत्तेच्या जोडीला पुढारीपण, सेवा आणि बंधुभाव हीं त्या मानाचीं अंगें समजतात. नुसते गुण आणले आणि घरीं बसला, तर तो मान अर्धाच. आमच्या देशांतहि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना काढली. आपल्या गांवांत तें नांव कोणाच्या तोंडीं नाहीं, म्हणून तिचा विस्तार करीत नाहीं.

परंतु आम्हांस अमेरिकेचें कौतुक सांगावयाचें नाहीं. ज्या १९०१ सालीं जॉलिएटचें कॉलेज निघालें, त्याच सालीं कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. पुढें जैन, मुसलमान, लिंगायत अशीं एकामागून एक वसतिगृहें झालीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानिलेल्या मुलांसाठीं मिस् क्लार्क वसतिगृह झालें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कोल्हापुरास राजाराम कॉलेज आधींपासून होतें. कॉलेज नव्हतें म्हणून बहुजनांचीं पोरें अडलीं होतीं असें नाहीं. नव्हतें काय? तर खेड्यांतून आलेल्या पोराला रात्रीं पाठ टेकण्यापुरतें छप्पर, आणि दोन वेळची भाकर. महाराजांनीं नेमकें तें ओळखलें. आमच्या आजच्या बोलण्याचा धागा हाच आहे; तेवढा धरून ठेवा, पुढें लागेल.

त्या कोल्हापुरांतच भाऊराव पाटील शिकावयास होते. ते ज्या बोर्डिंगांत राहत त्यांतून त्यांस बाहेर काढलें, कारण मिस् क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनीं विटाळाची आंघोळ करण्यास नकार दिला, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. वसतिगृहांतून निघालेल्या या मुलानेंच पुढें महाराष्ट्रभर वसतिगृहें उभीं केलीं. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली, आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. तेथील छत्रपति शाहू बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला बसत. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं स्वतः येऊन तें पाहिलें. स्वयंपाक मुलेंच करीत, पाणी तींच भरीत, भाजीपाला तींच पिकवीत. कोणाचें पोर कोणत्या जातीचें, हें पिठांत हात घातल्यावर कोण विचारतो? धान्यासाठीं गांवोगांव मुष्टिफंड काढला. घरांतल्या बायका दळावयास बसण्यापूर्वीं मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत. आणि ज्या दिवशीं कोठारांत कांहींच नसे त्या दिवशीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचें सोनें मोडलें. शेवटीं मंगळसूत्रहि मुलांच्या पोटासाठीं गेलें. त्या १९३० सालीं वारल्या. पुढें उभें राहिलेलें कॉलेज त्यांस पाहावयास मिळालें नाहीं.

तें कॉलेज १९४७ च्या जूनमध्यें निघालें. छत्रपति शिवाजी कॉलेज, सातारा. 'कमवा आणि शिका' हें त्याचें सूत्र. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानें घाम भरावा. येथील मुलगा सकाळीं कुदळ मारी व नंतर वर्गांत इंग्रजी कविता वाची. त्यांत त्यास कोणी कमी लेखीत नसे, कारण शेजारच्या बांकावरच्याहि तळहाताला घट्टे पडलेले असत. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे रयतेच्या वसतिगृहांतच वाढले, विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु आम्हांस त्यांच्याहून जे साधे मास्तर तेथून बाहेर पडले त्यांचें अधिक वाटतें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें होतें कीं गांवच्या शाळेचा मास्तर शेतकरी वर्गांतला, वेळ आली तर नांगर धरण्यास न लाजणारा असावा. १९३५ सालीं साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघालें, त्यांतून तसे मास्तर निघाले. आम्हांस दुसरीला जे गुरुजी होते ते अशाच एका वसतिगृहांतले. परिपाठ संपला कीं ते स्वतः खराटा घेत. ते झाडूं लागले कीं आमच्या हातांत खराटा घ्या असें त्यांस कधीं सांगावें लागलें नाहीं. आम्ही ट्रेनिंगला असतांना अध्यापनशास्त्राचीं जाड पुस्तकें वाचलीं, पण आमच्या मतें त्या खराट्याइतका पाठ त्यांत एकहि नव्हता.

१९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ झालें. २००४ सालीं सोलापूरचें विद्यापीठ वेगळें होईपर्यंत आपला जिल्हाहि त्याच छत्राखालीं होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, त्यांच्या नांवाचें विद्यार्थी भवन तेथें आहे, व त्यांत गरीब हुषार मुलें विद्यापीठाचेंच काम करून एम. ए., एम. एस्सी. होतात. पुणें विद्यापीठांतहि भाऊरावांच्या नांवानें कमवा व शिका योजना चालते. आपल्यापैकीं कोणाचें पोर बाहेर जाणार असेल तर फॉर्म भरतांना हें विचारून घ्यावें. मागावयास लाज वाटूं देऊं नये; ती भीक नव्हे, तें काम आहे.

मुंबईस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें तेव्हां वर्ग सकाळचे ठेविले, कीं नोकरी करणाऱ्या पोरांस शिकतां यावें. पण तेवढ्यावर थांबले नाहींत. तेथें विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे. सरकारपक्ष, विरोधी पक्ष, सगळा थाट खऱ्यासारखा. औरंगाबादेस मिलिंद कॉलेजांत तर प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं लिहिलेलें 'युगयात्रा' हें नाटक १९५५ सालीं मुलांनीं बाबासाहेबांच्या देखत केलें. ज्या मुलांच्या बापजाद्यांस गांवच्या तमासगीरांच्या मागें दूर उभें राहून पाहावें लागे, तीं मुलें रंगमंचाच्या मध्यभागीं उभीं राहून बोललीं. त्या दिवशींच्या गुणपत्रिकेंत त्याची नोंद कोठें असेल? पण पुढें मराठवाड्यांत जे लेखक व कवी झाले त्यांत मिलिंदचीं मुलें किती आहेत तें पाहा.

आतां आपल्या गांवाकडे वळूं.

आपलीं मुलें कॉलेज कशीं करतात हें आम्ही रोज पाहतों, कारण शाळेचें फाटक उघडावयास जातांना थांबा वाटेंत लागतो. पहांटे तांबडें फुटलें कीं डबा पिशवींत घालून अक्कलकोट रस्त्यावर उभीं. सोलापुरास पोंचलीं कीं तास, तास संपले कीं पुन्हां थांब्यावर धांव, आणि दुपारीं जेवावयास घरीं. यास तीं अप-डाऊन म्हणतात. बारावीपर्यंत मुलींस एस. टी.चा पास फुकट, पुढेंहि सवलतीचा. त्यामुळें येणेंजाणें फार महाग नाहीं, आणि पोर रात्रीं डोळ्यांसमोर असतें. आईबाप खूष. पण मंडळी, कॉलेज दुपारीं दोनला संपत नाहीं. दोनला तें सुरू होतें. वाचनालयांत बसणें दोननंतर, प्रयोगशाळेंत सरांच्या मागें लागून एखादी गोष्ट पुन्हां करून पाहणें दोननंतर, युवक महोत्सवाची तालीम दोननंतर, वक्तृत्वाची तयारी, मैदान, सेवा योजनेची बैठक, सगळें दोननंतर. शहरांतलीं मुलें, वसतिगृहांतलीं मुलें तें कॉलेज भोगतात. आपल्या मुलांनीं तें पाहिलेलेंच नाहीं. तीं चार तासांच्या कॉलेजची पदवी घेऊन येतात आणि मग नोकरीच्या मुलाखतींत "आणखी काय केलेंत?" असें विचारलें कीं खालीं पाहतात.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या सालीं, १९६९ मध्यें निघाली. नांव घातलेल्या मुलानें वर्षाला १२० तास काम करावयाचें, आणि एकदां सात दिवस एखाद्या खेड्यांत शिबिर करावयाचें. मागें आमच्या शेजारच्या एका गांवांत शहरांतल्या एका कॉलेजचें असें शिबिर झालें होतें. आम्ही मुद्दाम पाहावयास गेलों. पहिल्या दिवशीं शहरी पोरांस तूर कोणती आणि रान कोणतें हें कळेना. दुसऱ्या दिवशीं सगळ्यांच्या हाताला फोड. पांचव्या दिवशीं मात्र त्यांनीं ओढ्यावर दगडमातीचा बांध असा रचला कीं गांवकरी पाहत राहिले. रात्रीं शेकोटीपाशीं वाद, गाणीं, नकला. त्या कॉलेजांत आपल्या गांवचीं चार मुलें होतीं. शिबिर त्यांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर, पण त्या चौघांपैकीं एकहि त्यांत नव्हता! ज्यांस नांगर, कुदळ, ओढा, बांध पाठ, तीं मुलें घरीं, आणि ज्यांस कांहींच ठाऊक नाहीं तीं शिकत होतीं. कारण विचारलें तर म्हणे, "रात्रीं राहावं लागतंय, घरचे नको म्हणाले."

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती आमच्या स्वतःच्या अंगावर येणारी आहे.

चारपांच वर्षांपूर्वीं आपल्या गांवची एक मुलगी बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षांत होती. नांव सांगत नाहीं. ती वा तिच्या घरचे येथें बसले आहेत कीं नाहींत तेंहि सांगत नाहीं. तिनें मनानें एक काम काढलें. गांवच्या व शिवारांतल्या तेवीस विहिरी आणि बोअर यांचें पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरून, बाटलीवर चिकटपट्टी लावून, तारीख घालून ती कॉलेजांत घेऊन जाई आणि त्यांतले क्षार मोजी. एस. टी.त कंडक्टर विचारी, "काय गं, तीर्थ घेऊन निघालीस काय?" कोणत्या विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत जड होतें, कोणत्या बोअरचें बारमाही खारट, याची तिनें वहींत आठ महिन्यांची नोंद केली. ज्या गांवांत दलित बांधवांनीं बांधलेल्या विहिरीपाशीं १९३७ सालीं बाबासाहेब येऊन गेले, त्या गांवांत एका मुलीनें कोणाच्याहि मालकीचा विचार न करतां सगळ्या वस्त्यांचें पाणी एका वहींत आणलें. आम्हांस तेव्हां ही गोष्ट सुचली नाहीं. आतां सुचते, आणि खजील व्हावयास होतें.

आपल्या राज्यांत विद्यार्थ्यांच्या संशोधनाची 'आविष्कार' नांवाची स्पर्धा २००६ पासून भरते. आधीं विद्यापीठाची फेरी, मग राज्याची. तिच्या कॉलेजानें तिचें काम विद्यापीठाच्या फेरीसाठीं निवडलें. तयारीसाठीं तीन संध्याकाळ कॉलेजांत थांबावयाचें होतें व स्पर्धेच्या दिवशीं यावयास रात्र झाली असती. तिचे वडील आमच्याकडे आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, म्हणाले, "गुर्जी, पोरगी लई मागं लागलीया. काय करूं? तुम्ही म्हणाल तसं." खरें सांगतों, त्यांच्या मनांत पाठवावयाचें होतें. ते नुसता आधार शोधत आले होते. आणि आम्ही काय सांगितलें? "कशाला उगीच, अप्पा? निवड झाली एवढंच पुष्कळ झालं. परीक्षा जवळ आलीया. रात्रीं-अपरात्रीं काय भलतंसलतं झालं तर?" ते गप्प उठून गेले.

तिचा तक्ता शहरांतल्या एका वर्गमित्रानें नेला. पोरगा चांगला, पण परीक्षकांनीं विचारलें कीं ही सातव्या क्रमांकाची विहीर उन्हाळ्यांत एकदम जड कां होते, तर त्यास काय ठाऊक? त्यानें ती विहीर जन्मांत पाहिली नव्हती. निकाल काय लागला असेल तें सांगावयास नको. नंतर एकदां ती मुलगी शाळेच्या बोअरची नोंद आम्हांस द्यावयास आली. वही टेबलावर ठेविली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तरी जा म्हणाल असं वाटलं होतं."

गांवांत आम्ही त्या वेळीं सांगत होतों कीं बसची सोय नव्हती. तें खोटें. अक्कलकोट रस्त्यावर रात्रींहि गाड्या असतात. आमची हिंमत कमी पडली, आणि दोष गाडीवर घातला. वडिलांची भीति खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. थांब्यापासून घरापर्यंतचा अंधार खरा आहे. पण त्याहून मोठी भीति लोक काय म्हणतील ही होती, आणि ते लोक कोण? संध्याकाळीं पारावर बसून कोणाची पोरगी कितीच्या गाडीनें उतरली हें मोजणारे आपणच. आम्हीहि तेथें बसतों.

त्या मुलीस शेवटीं ६८ टक्के पडले. म्हणून आजच्या यादींत तिचें नांव नाहीं. यादी करणाऱ्यांचा दोष नाहीं; त्यांनीं ७५ ची रेघ मारली आणि तिच्यावरचीं नांवें उतरून घेतलीं. पण मग गिरणींतल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर द्यावें? आज शाल घेणाऱ्या अकरा जणांतहि एक मुलगा असा आहे कीं त्यानें तीन वर्षें रात्रीं औषधाच्या दुकानांत काम केलें आणि दिवसा तास बुडविला नाहीं. निवेदक आतां त्याचे ७६ टक्के वाचून दाखवितील. त्या दुकानाचें कोणी सांगणार नाहीं, आणि तो स्वतः तर मुळींच सांगणार नाहीं, कारण त्यास ती लपविण्याची गोष्ट वाटते. साताऱ्याच्या कॉलेजांत तीच गोष्ट छाती पुढें काढून सांगितली जात असे. एक मुलगी एन. सी. सी.त होती, तिच्या आईनें तो गणवेश शेजाऱ्यांच्या नजरेस पडूं नये म्हणून माडीवर वाळत घातला. या दोघांचें हें आम्ही त्यांस न विचारतां सांगितलें, त्याबद्दल दोघांनीं रागावूं नये.

म्हणून अध्यक्षमहाराजांस आमची विनंती अशी. एक, आजच्या यादींत बारावें नांव घालावें. नारळ आणलेले अकराच असतील तर मास्तरांच्या सत्काराचा जो नारळ आमच्यासाठीं ठेविला आहे तो तिला द्यावा. ती पुढें येईल कीं नाहीं ठाऊक नाहीं. आली नाहीं तर आम्ही तिच्या घरीं नेऊन देऊं. तेवढी वाट चालण्यास आम्हांस पांच वर्षें लागलीं आहेत.

दुसरी विनंती सर्वांसच. सोलापुरांत कॉलेजांच्या जवळपास आपल्या गांवच्या मुलींसाठीं दोन खोल्या भाड्यानें घ्याव्या. कायम राहणारींसाठीं सरकारी वसतिगृहें आहेत, त्यांत अर्ज जरूर करावे. पण स्पर्धेचे तीन दिवस, शिबिराच्या आदली रात्र, प्रयोगाची उशीर झालेली संध्याकाळ, यांस तीं उपयोगी पडत नाहींत. या खोल्या त्यासाठीं. ज्या मुलीस थांबावयाचें असेल तिनें थांबावें, रात्रीं तेथें भाकर खावी, सकाळीं कॉलेजांत जावें. आपल्याच गांवची एक मावशी मुलाकडे सोलापुरास राहते. तिला विचारलें, ती देखरेख करावयास तयार आहे. "पोरी माझ्या डोळ्यापुढं राहतील, तुम्ही धान्य पाठवा," एवढेंच तिचें म्हणणें. चूल सर्वांची एक. जातवार डबे येथें चालणार नाहींत, हें आधींच सांगून ठेवतों. ज्यास तें चालत नसेल त्यानें आपली वर्गणी परत न्यावी. मुलांचें काय, असें कोणी विचारील. मुलांस मित्राच्या खोलीवर जागा मिळते, मुलींस मिळत नाहीं. म्हणून आधीं मुली.

पैसा कोठून, हा प्रश्न येणारच. साताऱ्याचें बोर्डिंग मुठीमुठीवर चाललें. आपण मूठ नको, पोतें धरूं. खळें झालें कीं ज्यास जमेल त्यानें ज्वारी द्यावी, तूर द्यावी. ज्यास रान नाहीं त्यानें महिन्याला कांहीं रोख द्यावें. ज्याची लेक नोकरीला आहे त्यानें थोडें अधिक. हिशेब दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लिहूं. पहिल्या वर्षीं किती मुली थांबतील? कदाचित् दोन, कदाचित् एक. एक थांबली तरी खोल्या ठेवूं.

वही शाळेच्या टेबलावर ठेविली आहे. पहिलें नांव आमचें आहे, दोन पोतीं ज्वारी आणि पांच हजार रुपये. दुसरें नांव गिरणींत ऑनर्स विचारणाऱ्या अप्पांचें; त्यांनीं पन्नास किलो तूर लिहिली आहे आणि मुलास चौथ्या वर्षाला घालावयाचें ठरविलें आहे. तिसऱ्या ओळीपासून वही कोरी आहे. पेन तेथेंच दोरीला बांधलें आहे.